रिकामा कप्पा

लायल व्होग्टच्या घरी बाळंतिणीची सगळी तयारी जानेवारीतच झाली होती. बाळंतीण म्हणजे मार्लीन. वय पाच वर्षं, लांबी चार फूट, जातीने आफ्रिकेतला लहानखुरा अजगर आणि स्वभावाने इतकी लाजाळू, की कुणी शिंकलं तरी अंगाचा चेंडू करून तोंड आत लपवायची. शेवटची कात टाकल्यापासून महिन्याभरात अंडी येतात. त्यामुळे लायलने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फेब्रुवारीतल्या एका रविवारभोवती लाल गोल काढून ठेवला होता.

मागच्या वर्षी मार्लीनला अंडी घालायला मनासारखी जागा मिळाली नव्हती. शेवटी तिने ती पाण्याच्या भांड्यात घातली आणि सगळी बुडून गेली. सख्ख्या बापाच्या दफनाला कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला लायल त्या दिवशी गॅरेजमध्ये तासभर एकटा बसला होता. या वर्षी त्याने एका डब्याला गोल भोक पाडलं, आत ओलसर शेवाळं अंथरलं आणि तो डबा मार्लीनच्या कप्प्यात ठेवला. मार्लीनने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने तीनदा शेवाळं बदललं. तिने तीनदा डब्याकडे पाठ फिरवली.

"मला दिवस गेले होते तेव्हा या माणसाने पाळण्याचा एक स्क्रूही आवळला नव्हता," त्याची बायको डार्ला येईल त्याला सांगायची.

डार्लाची आई आर्डिस खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ धारदार. लायलने पाळलेल्या सापांच्या खोलीत मेले तरी पाऊल टाकणार नाही, असं तिने आल्या दिवशीच जाहीर केलं होतं. त्या दारावरून जाताना ती समोरच्या भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी चालायची. लायल तिला वीस वर्षं नुसतं आर्डिस म्हणत आला होता. दुसरं काही म्हणावं असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

लाल गोलाच्या आदल्या दिवशी पाऊस आला आणि पडता पडताच गोठला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये असं झालं की झाडं काचेची होतात. प्रत्येक काडी काचेत बंद, कुंपणाची तार काचेत, टपालपेटीसुद्धा काचेत. दिसायला फार सुंदर. मग विजेच्या तारा तुटल्या. रविवारी सकाळी चर्च बंद, दिवे बंद, घर गरम करणारी भट्टी बंद, आणि आर्डिसच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर पातळ साय धरावी तसा बर्फ.

लायलकडे एक छोटा जनरेटर होता. भट्टीला तो पुरत नसे, पण सापांच्या खोलीला पुरायचा. घेतलाच त्यासाठी होता, तोही फ्लोरिडाची सहल रद्द करून.

"म्हणजे सापांना ऊब आणि आपल्याला कानटोप्या," डार्ला म्हणाली. मग तिने उशी घेतली आणि मुकाट्याने सापांच्या खोलीत जाऊन आडवी झाली.

आर्डिसने अकरा वाजेपर्यंत तग धरला. तेव्हा तिचे ओठ निळसर दिसू लागले आणि लायल खरोखरच घाबरला. ती छोटीशी खोली एका मोठ्या कपाटाने जवळजवळ भरलेली होती. कपाटाला तीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक साप आणि मागच्या बाजूला ऊब देणारी पट्टी. डार्ला आडवी झाल्यावर खुर्ची मावेल अशी एकच जागा उरली होती, आणि ती नेमकी मार्लीनच्या तळकप्प्यासमोर.

"आर्डिस, तुमच्या पायाशी असलेला कप्पा रिकामा आहे," लायल म्हणाला.

"परत सांग."

"रिकामा. जादाचा आहे."

लायलला खोटं बोलायची सवय नव्हती. बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. पण त्या थंडीत सगळ्यांचेच कान लाल होते, त्यामुळे खपून गेलं. आर्डिसने डोळे गच्च मिटले आणि त्याच्या हाताला धरून ती आत आली. खुर्चीत बसून तिने दोन्ही पाय मेंढीच्या कातड्याच्या एका ढगळ पिशवीत घातले. नाताळात डार्लाने दिलेली ही पिशवी तिने तोपर्यंत म्हातारपणाचा अपमान म्हणून वापरली नव्हती.

तेवढ्यात शेजारचा ऑर्विल आला. बायको गेल्यापासून तो एकटा होता. एका हातात अंगणातल्या शेगडीवर भाजलेली सॉसेज आणि ओव्हरकोटाच्या आत पिंजरा, पिंजऱ्यात पिवळी कॅनरी.

"हिला जरा ऊब द्या," तो म्हणाला. "सकाळपासून गायलेली नाही."

"ऑर्विल, अहो, या खोलीत तीस साप आहेत," लायल बोलून गेला.

आर्डिसने डोळे उघडले. "कप्पे तीसच आहेत ना?"

"एकोणतीस," लायल घाईने म्हणाला. "एकोणतीसच. तोंडातून चुकून गेलं."

कॅनरी आत येताच कप्प्याकप्प्यातून सळसळ सुरू झाली. लायलने पिंजऱ्यावर आपला स्वेटर टाकला, पिंजरा खिडकीत नेला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. या गडबडीत आर्डिसच्या पायांकडे त्याचं लक्ष राहिलं नाही.

मग जेवणं झाली. त्या खोलीत भर उन्हाळ्यातल्या दुपारची ऊब होती आणि ओल्या मातीसारखा वास. बाहेर जनरेटर एका सुरात घुमत होता. वारा आला की काचेच्या फांद्या एकमेकींवर किणकिणायच्या, जणू दूर कुणीतरी पेले विसळतंय. डार्ला उशीवर केव्हाच झोपली होती. ऑर्विल भिंतीला टेकून बायकोबद्दल काहीतरी सांगू लागला आणि वाक्याच्या मध्येच विरघळला. स्वेटरखाली कॅनरीही गप्प झाली. आज मार्लीनचा दिवस आहे, डोळ्याला डोळा लावायचा नाही, असं लायलने ठरवलं होतं. ते ठरवता ठरवताच त्याला एक कुरण दिसलं. गवतात पांढरी, लांबट, मऊ अंडी पसरली होती आणि तो अनवाणी त्यांच्यामधून चालत होता. एकही अंडं फुटत नव्हतं. त्याला इतकं सुख झालं की झोपेतच त्याने सुस्कारा सोडला.

जाग आली तेव्हा खिडकीतला बर्फ गुलाबी झाला होता. घड्याळात साडेचार. आणि मार्लीनचा कप्पा तीन बोटं उघडा.

लायलने तो पुरता ओढला. शेवाळ्याचा डबा रिकामा. पाण्याचं भांडंही रिकामं. त्याने कपाटाखाली हात घातला, ऑर्विलच्या कोटाच्या बाह्या चाचपल्या, स्वेटर उचलून कॅनरी पाहिली. कॅनरी होती. गारठलेल्या घरात मार्लीन गेली असेल तर अंडी तर सोडाच, तीसुद्धा वाचणार नव्हती. मागच्या वर्षीचं ते भांडं त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"आवाज करू नकोस," कुणीतरी हळूच म्हणालं.

आर्डिस खुर्चीत ताठ बसली होती. डोळे टक्क उघडे, हात मांडीवर, आणि पाय त्या पिशवीत. पिशवी मघापेक्षा बरीच फुगलेली दिसत होती.

"माझे पाय गार पडले होते," ती ओठ न हलवता म्हणाली. "रिकाम्या कप्प्यातून गरम हवा येत होती. म्हणून ओढला थोडा. मग डुलकी लागली. जागी झाले तर घोट्याला काहीतरी लागलं."

लायलने पिशवीकडे पाहिलं.

"पहिलं दीड वाजता आलं. समोर घड्याळ होतं, बघितलं. आतापर्यंत सहा झाली. बहुतेक संपलं. आता ती त्यांच्याभोवती गुंडाळून बसलीय, माझ्या डाव्या पायासकट."

"तीन तास? आणि तुम्ही हाक मारली नाहीत?"

"पहिला अर्धा तास भीतीने आवाजच निघाला नाही," आर्डिस म्हणाली. "नंतर म्हटलं, कशाला मारायची? मी चौघांना जन्म दिलाय, लायल. चारही वेळा खोलीत कुणीतरी बडबडत होतं."

लायल तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने पिशवीचं तोंड हलकेच उघडलं. आत लोकरीत, गुलाबी मोज्यांना बिलगून, कुरणातली ती अंडी होती. त्यांच्यावर मार्लीनने हनुवटी टेकली होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसले नाहीत.

"आई," तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि आपण काय म्हणालो हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "हलू नका हं. मी अंडी उचलतो, उबवणीच्या पेटीत ठेवतो."

"काही उचलू नकोस एवढ्यात. तिला दम तर खाऊ दे. जा, कॉफी कर."

तेवढ्यात दिवे आले. फ्रिज घुरघुरला, भट्टी धडधडली, डार्ला आणि ऑर्विल डोळे चोळत उठले. आर्डिसने बोटानेच दिवा मालवायला सांगितलं आणि दोघांना ओठांवर बोट ठेवून दटावलं. स्वेटरखाली कॅनरीने एक बारीकशी तान घेतली.

लायल दारापर्यंत गेला आणि थांबला.

"तो कप्पा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते आणि आता थंडीची सबब नव्हती. "तो रिकामा नव्हता, आई."

आर्डिसने पायांकडे पाहिलं आणि शाल ओढून पिशवीवर नीट पांघरली.

"आता आहे," ती म्हणाली.