कोरडा पुठ्ठा

"सूनबाई, दोन गोष्टी लक्षात ठेव. गाडीखालचा पुठ्ठा कोरडा दिसला, तर गाडी जागची हलवायची नाही. आणि हिला टेकडीवर नेशील, तेव्हा चावी माझ्या मुलाच्या हातात द्यायची नाही!"

सासऱ्यांनी शेवटच्या आजारपणात सांगितलेलं हे. 'हिला' म्हणजे सासूबाईंना. मी शब्द दिला. आणि आपल्या तोंडाने सांगू नये, पण शब्द पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही! रोज सकाळी सहा ते नऊ माझं मौन असतं. बोलणं नाही, लिहिणंही नाही. नऊ वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. मोडलंच, तर उरलेला अख्खा दिवस मौन, असा दंड मीच ठरवून ठेवलाय. तो भरायची वेळ आली नव्हती, इतकंच.

गाडी म्हणजे सासऱ्यांची लाडकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. साठ वर्षांची, हिरवीगार, दोनच सीटांची, आणि तान्ह्या बाळासारखी रोज जागा ओली करणारी. खाली पुठ्ठा घालायचा आणि प्रार्थना झाली की त्यावरचे तेलाचे थेंब मोजायचे, हा माझा नेम. बारा थेंब म्हणजे तब्येत उत्तम. एकही नाही म्हणजे आत तेलच नाही!

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांना टेकडीवर न्यायचं ठरलं. लग्न झाल्यावर सासरे त्यांना याच गाडीतून तिथे घेऊन गेले होते.

"पण गळक्या गाडीतून नाही!" आमचे हे गरजले.

झालं! चार रविवार ह्यांचे फक्त पाय दिसत होते. तेल काढलं, इंजिनाखालचं चेंबर उतरवलं, नवं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. मग काळंकुट्ट तोंड बाहेर काढून चावी मागितली. त्या तोंडाला मला नाही म्हणवेना. दिली!

वाढदिवसाच्या सकाळी साडेआठला गॅरेजमध्ये गेले. सासूबाई डोक्याला निळा रुमाल बांधून गाडीत बसलेल्या, हे बॉनेट पुसताहेत. मी वाकून पाहिलं. पुठ्ठा कोरडा! ठणठणीत कोरडा! आणि दाराआड नव्या तेलाचा डबा, झाकणाचं सीलही न तुटलेला.

तेलाशिवाय सुरू केलं तर हे इंजिन मिनिटभरात आतून खरवडून निघेल, आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. टेकडी कायमची राहिली! घड्याळात आठ चाळीस. वीस मिनिटं कशी काढायची?

मी पुठ्ठा ओढून ह्यांच्या नाकासमोर धरला.

"बघितलंस? एक थेंब नाही!" ह्यांची छाती दोन इंच फुगली. "आई, हिलासुद्धा भरून आलंय बघ!"

मी डबा उचलून आणला आणि जोरजोरात इंजिनाकडे बोट केलं.

"बरी आठवण केलीस! वाटेत लागलं तर असावं." डबा गेला डिकीत!

बॉनेट उघडायची खिटी डॅशबोर्डखाली, सासूबाईंच्या पायाशी. मी दारातून आत घुसले.

"अगं, चपला नव्याच आहेत," सासूबाई पाय आखडत म्हणाल्या. "जाताना कसली झडती घेतेस?"

हे स्टिअरिंगवर बसले. आठ एक्कावन्न. आता एकच उपाय! मी गाडीपुढे जाऊन जमिनीवर आडवी झाले.

"वहिनींना काय झालं?" शेजारचे शिंपीदादा तोंडात टूथब्रश घेऊन कुंपणाशी आले.

"रुसलीये," हे म्हणाले. "सीटा दोनच ना!"

सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मी नाही जात. हिलाच ने. हिला माझं जाणं बघवत नसेल, तर मला कुठलीच टेकडी नको." आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडायला हात वर नेला.

ते माझ्या काळजाला लागलं. तेवढ्यात ह्यांनी चावी फिरवली. लाल दिवा लागला.

"उठ आता. निदान आवाज तरी ऐकवतो आईला!" ह्यांचा हात स्टार्टरच्या बटणाकडे गेला...

"बंद करा! तेल घातलेलं नाही तुम्ही!"

केवढ्यांदा ओरडले म्हणून सांगू! शिंपीदादांचा टूथब्रश कुंपणापलीकडून आमच्या कुंडीत येऊन पडला. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं त्या एका वाक्यात निघालं असावं. घड्याळात आठ त्रेपन्न. सात मिनिटं कमी पडली!

ह्यांनी उतरून तेलाची पट्टी बाहेर ओढली. धुतलेल्या चमच्यासारखी लख्ख!

"मला वाटलं, मी घातलंय..."

मी आता बोलूच शकत नव्हते, दंड सुरू झाला होता. ह्यांनी मुकाट्याने डिकीतून डबा काढला आणि सगळा इंजिनात ओतला. सासूबाई उतरल्या, शिंपीदादा ब्रश घ्यायला आले, आणि आम्ही चौघं खाली वाकून वाट पाहत राहिलो.

टप!

"आला!" सासूबाई अशा हसल्या, जणू कुणी घरी परत आलंय. चार रविवारांचं पॅकिंग पहिल्याच परीक्षेत नापास!

त्यांनी ह्यांच्यापुढे हात पसरला. "चावी. कुणाला द्यायची नाही, ते मलाही सांगून गेलेत."

चावी माझ्या हातात आली. मी सीट पुढे सरकवून बसले. त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा नीट घट्ट केली.

"म्हणजे आता रात्रीपर्यंत तू बोलणार नाहीस?"

मी मान हलवली.

"अक्षरसुद्धा नाही?"

पुन्हा मान हलवली.

"छान!" त्या सीटवर ऐसपैस रेलल्या. "मला तुझ्याबद्दल बरंच बोलायचं होतं. वीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करते."

मी पहिला गिअर टाकला आणि हळूच टेकडीच्या रस्त्याला लागले.