मुलाणी सरांचा गट

मुलाणी सरांच्या वर्गात खुर्ची नाही. होती, ती त्यांनी माझ्या वर्गात आणून ठेवली. म्हणाले, "काळे सर, तुमच्याकडं दोन ऱ्हाऊ द्या. एकीवर बसा, एकीवर पाय ठेवा." स्वतः ते पोरांत सतरंजीवर मांडी घालून बसतात. नवा माणूस दारात आला की आधी पोरांच्या डोक्यांवरून नजर फिरवतो, मग एक डोकं पांढरं दिसतं, ते आमचे सर.

आमची शाळा कोऱ्हाळ्याच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. दोन शिक्षक. लहान वर्ग माझ्याकडं, मोठे सरांकडं. अकरा वर्षं आम्ही शेजारी-शेजारी शिकवतोय, म्हणजे मी शिकवतोय. सर काय करतात हे मला नीट सांगता येणार नाही.

कुणीही काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला न्हाय माहीत. बघू या." पोरानं विचारलं पाल भिंतीवरून पडत का नाही, तर "मला न्हाय माहीत, बघू या." मग दोन दिवस अख्खा वर्ग टॅब घेऊन पालीच्या मागं. एकदा रस्ता चुकलेल्या एका पाहुण्यानं सरांना गावातल्या आबांचं घर विचारलं. सरांना ते घर पाठ आहे, रोज तिथून दूध आणतात. तरी त्यांनी पाहुण्याला चार पोरांच्या हवाली केलं. पोरांनी नकाशा काढला, वाटेतली झाडं मोजली, तीन म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. आबा नंतर मला म्हणाले, "गुरुजी, पाव्हणा आला तवा त्याला माझ्यापेक्षा माझ्या गल्लीची माहिती जास्त हुती."

मध्यंतरी सरांनी पोरांना क्यूआर कोड करायला लावले. मोबाइल धरला की पोरांच्या आवाजात माहिती ऐकू येते. लिंबाला कोड, हापशाला कोड, एका पोरानं घरच्या म्हशीच्या शिंगाला चिकटवला, तो तिनं गोठ्याच्या खांबाला घासून काढला. माझ्या डब्यालाही एक होता. मी मोबाइल धरला तर आवाज आला, "हा काळे सरांचा डबा हाय. यात आठवड्यातून चार दिवस शेपू असती. सर ती मुलाणी सरांना वाढत्यात." मी कोड खरवडून काढला. माहिती मात्र बरोबर होती.

सर वर्गातल्या एका गटात स्वतःही असतात. प्रकल्प झाला की पोरं एकमेकांना श्रेणी देतात, सरांनाही देतात. पाणी मोजण्याच्या प्रकल्पात सरांना 'क' मिळाला. पोरांनी शेरा लिहिला होता: 'मध्येच बोलतात.' सरांनी तो कागद भिंतीवर लावला.

त्याच प्रकल्पाच्या वेळी साहेब तपासणीला आले. वर्गाला कुलूप, दारावर पाटी: 'वर्ग कालव्यावर आहे.' साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना घेऊन कालव्यावर गेलो. काठावर एक मुलगी वहीत आकडे लिहीत होती. साहेबांनी विचारलं, "तुमचे सर कुठं आहेत?"

ती वर न बघता म्हणाली, "ते आमच्याच गटात हायत, मागं पडलेत. येतील."

साहेबांना राग आला होता, पण तिनं त्यांच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि "ताठ धरा" म्हणाली. त्यांनी धरलं. तपासणीचा अहवाल काय गेला कोण जाणे, सरांना कुणी काही बोललं नाही.

त्या मुलीचं नाव कोमल. ती आमच्या गावची नव्हती. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली. आई-बाप फडात, ही धाकट्या भावाला घेऊन शाळेत. पहिले आठ दिवस तोंडातून शब्द नाही. मग सरांनी प्रकल्प काढला, उसाच्या मोळीचं वजन न उचलता कसं सांगायचं. पोरं टॅबवर लांबी-रुंदीचा हिशेब करत बसली. कोमलनं मोळीला एकदा हात लावला आणि वजन सांगितलं. काट्यावर टाकली तर किलोभराचा फरक. त्या दिवसापासून ती गटप्रमुख झाली. सर तिच्या गटात.

पाण्याचा प्रकल्प गावापुढं मांडायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी टोळी गेली. फडातला ऊस संपला, मुकादमानं गाड्या भरायला लावल्या. आम्ही शाळा उघडली तेव्हा टोळीच्या कोप्यांच्या, पाचटाच्या झोपड्यांच्या जागी नुसत्या चुली उरल्या होत्या.

कार्यक्रम करायचा की नाही, मी विचारलं. सर म्हणाले, "गट पुरा न्हाय. ऱ्हाऊ द्या." सरपंचांना निरोप गेला होता, मंडप सांगितला होता. सरांनी सगळं थांबवलं. सरपंच रागावले. मलाही ते जरा अतीच वाटलं.

पुढच्या हंगामात टोळ्या आल्या, कोमलची आली नाही. सर दर रविवारी स्कूटर काढून फिरायला लागले. आधी सोमेश्वरनगरच्या बाजूला, मग कन्हेरीकडं, मग थेट इंदापूर तालुक्यात. टोळ्यांच्या तळावर जायचं, बीडची माणसं शोधायची, विचारायचं. दिवाळीनंतर महिन्याभरानं इंदापूरकडच्या एका तळावर ती सापडली. तिथून शाळा लांब, म्हणून ती जात नव्हती. मग सरच दर रविवारी तिकडं जायला लागले, टॅब घेऊन.

एका रविवारी मला इंदापूरला मेहुण्याकडं जायचं होतं. एसटी चुकली, सर म्हणाले, "मागं बसा. वाटेत जरा थांबायचं हाय." असा मी त्या तळावर गेलो.

कोमल आठ-नऊ पोरं गोळा करून बसली होती. प्रकल्प तिनंच ठरवला होता: आपल्या घरात कोण कोण असतं. प्रश्नही पोरांनी काढलेले. ती टॅब धरायची, विचारायची, आवाज भरून घ्यायची. कुणाची आजी गावाला राहिलेली, कुणाचा भाऊ वसतिगृहात. पोरं संपली. तिनं टॅब सरांकडं वळवला.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

सर नेहमीसारखे हसले. म्हणाले, "मी."

"आन्‌?"

"लेक सोलापूरला दिली. बायको होती. वारली."

तिनं पुढचा प्रश्न वाचला. "घरी यायला उशीर झाला तर वाट कोण बघतं?"

"कुणी न्हाय," सर म्हणाले.

वहिनी गेल्या त्याला तीन वर्षं झाली. शाळेतून आम्ही सगळे मातीला गेलो होतो. चौथ्या दिवशी सर वर्गात सतरंजीवर येऊन बसले, पोरांत हसत होते. मला वाटलं, माणूस सावरला. त्यानंतर अकराच्या ठोक्याला शाळा आणि पाचला घर, मधल्या सुट्टीत माझी शेपू. घरचं काही मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कोमलनं काही हळहळ दाखवली नाही. म्हणाली, "मंग घाई काय हाय? बसा की. आई फडातून आली की भाकर टाकील."

आणि सर बसले. वाटेवरच्या एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून मी एकटाच इंदापुरात गेलो.

रात्री जेवणं झाल्यावर मेहुण्याच्या ओट्यावर बसून मी सरांना फोन लावला. अकरा वर्षांत शाळेच्या कामाशिवाय केलेला हा माझा पहिलाच फोन असावा. त्यांनाही तसंच वाटलं असणार. उचलल्या उचलल्या म्हणाले, "काय काळे सर, उद्याचा पोषण आहाराचा तक्ता ऱ्हायला का?"

"नाही," मी म्हणालो. "घरी पोचलात का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडं किल्ल्या वाजल्या.

"पोचलो," ते म्हणाले. "आत्ताच कुलूप काढतोय."