मास्तरांची शेवटची खोट

बेलच्या आवाजावरूनच निवृत्त मास्तरांनी ओळखलं, की लग्नं जुळवणाऱ्या मावशी आल्या. चार वर्षं त्या मास्तरांच्या मुलासाठी मुलींचे फोटो आणत होत्या आणि चार वर्षं मास्तर प्रत्येक मुलीत खोट काढत होते. एक फार उंच, एक फार शिकलेली. मागची तर इतकी बिनखोट निघाली, की तिचे वडील फार बोलतात असं सांगून त्यांना सुटका करून घ्यावी लागली.

आज नवी खोट शोधायचं त्राणच त्यांच्यात नव्हतं. मुलाने चार वर्षांपूर्वी घरात सांगितलेलं त्यांनी बोलून टाकलं. "मावशी, आमच्या मुलाला मुली नाही, मुलगे आवडतात."

आता संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर होणार, म्हणून मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. मावशींनी मात्र चार वर्षं फुकट हेलपाटे घालायला लावल्याबद्दल त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "आधी बोलायचं ना. माझ्याकडे असे तीन मुलगे आहेत. त्यांच्यासाठी शोधून शोधून मी दमले."

त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. मास्तर बघतच राहिले. फोटोत त्यांच्या मुलाचाच जोडीदार हसत होता. दोघं पाच वर्षं एका घरात राहत होते आणि रविवारी मास्तरांकडे जेवायला येत होते. पण फोटोतल्या या बहाद्दराने आपल्या आईला अर्धंच सांगितलं होतं. मुलगे आवडतात एवढं सांगितलं, एक मिळालाय हे राहिलंच.

मावशी सांगत होत्या, की त्याची आई स्वतः फोटो देऊन गेली. मुलगा कुणा मित्राबरोबर राहतो आणि त्याला तिथून लवकर हलवायचं आहे. "तो मित्र अगदी गबाळा आहे म्हणे. ओला टॉवेल पलंगावर टाकतो. खाल्लेलं ताटसुद्धा उचलत नाही."

टॉवेलचं खरं होतं. त्यावरून मास्तरांनीच वीस वर्षं घसा कोरडा केला होता. पण परक्या बाईने ते बोलावं? चार वर्षं लोकांपुढे मान खाली घालायची तयारी करणारे मास्तर तरातरा उठले.

"त्या बाईंना सांगा, आमचा मुलगा ताट उचलतो."

मावशींना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी शांतपणे फोटो पिशवीत ठेवला. विहिणीला असले निरोप मी पोचवत नसते, असं म्हणून त्यांनी नंबर लिहिलेली चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी तिथेच फोन लावला. पलीकडून विचारलं गेलं, "कोण बोलतंय?"

मास्तरांनी घसा साफ केला.

"गबाळ्याचा बाप."