हातांचा वास घेणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ तायडे माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी त्याच्या हाताचा वास घ्यायचे. खाटेवरूनच बोट वाकवून बोलवायचे, "आना इकडे." समोरचा गोंधळून हात पुढे करायचा आणि भाऊ नाक लावून निकाल द्यायचे, "भजे खाल्ले. साबन नाही लावला. नळ तिकडे हाय."

बुलडाण्याच्या एका दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात, आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मी उंद्रीचा, शाळेत मास्तर. मोटरसायकलवरून पडलो आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. भाऊ धामणगाव बढ्याचे. गावोगावचं दूध गोळा करून नेताना त्यांना एका पिकअपने उडवलं. त्यांचंही हाड बाहेर, वर रस्त्याकडेचा चिखल. दोघांच्याही पायांना बाहेरून सळ्या ठोकलेल्या. नवा पेशंट आला की भाऊ आमची ओळख करून द्यायचे, "आमी दोघं या वॉर्डाचे अँटेने."

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हाड जुळेल सावकाश, पण उघड्या जखमेत जंतू शिरू द्यायचे नाहीत, खरी लढाई तीच. आम्ही बाकीच्यांनी मान डोलावली. भाऊंनी ते मनावर घेतलं. "एक थेंब विरजन पडलं का अख्खा कॅन गेला, मास्तर. पाय म्हंजे कॅनच हाय." ऑपरेशनच्या वेळी त्यांची जखम किती धुतली, हे तर ते रोज नव्याने सांगत. "बाटल्यावर बाटल्या पानी ओतलं. मी माह्ये कॅन बी इतके नाही धुतले कधी."

अँटिबायोटिकच्या इंजेक्शनला पाच मिनिटं उशीर झाला, की ते जेवणाच्या डब्यावर चमचा वाजवायचे. सिस्टर चिडायच्या, पण यायच्या. एकदा राउंडला आलेल्या मॅडमनाच ते म्हणाले, "मॅडम, हात."

मॅडमनी शांतपणे हात पुढे केला. भाऊंनी हुंगला. "पास."

"भाऊ, वास नाही आला तरी जंतू असतात बरं का," मॅडम हसून म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून हाताला वास नसलेल्यांनाही नळावर जावं लागायचं.

मग आमचे मामा आले. माझी आई दवाखान्यात माझ्याजवळच राहायची. मामा तिचे थोरले भाऊ, अंगाने दांडगे. आई औषधं आणायला खाली गेली होती, मला डुलकी लागली होती. मामांनी पिशवीतून झाडपाल्याचा हिरवा लेप काढला आणि माझी पट्टी सोडायला घेतली. मी जागा झालो तो डब्याच्या आवाजाने. भाऊ जीव खाऊन चमचा बडवत होते.

"काऊन बे बोंबलून राह्यला?" मामा म्हणाले. "भाचा माहा हाय."

"भाचा तुमचा, पन कॅनमधी हात घालून राह्यले ना तुमी. ठेवा तो पाला खाली."

"यानं हाड आठ दिवसात जुळते."

"जुळन. मंग अंदरून नासन. मंग पाय कापतीन. तवा हा पाला कुठं लावसान?"

तोवर सिस्टर धावत आल्या. मामा रागाने लेपासकट निघून गेले. पुढच्या वेळी मात्र दारातूनच दोन्ही हात वर करून आत आले, धुतलेले.

या सगळ्याची मला मजा वाटायची, पण माझ्यावर वेळ आली तेव्हा वाटली नाही. दवाखान्यातून माझी सुटी ठरली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवसापासून पाय ठणकत होता. मी बोललो नाही. घरच्या ओसरीची इतकी ओढ लागली होती.

"मास्तर, पाय दुखते?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"खोटं. कालपासून तुमी कूस बदलली नाही. पट्टीवर पिवळा डाग हाय. अन् अंग तापेल दिसते."

त्यांनी मॅडमना सांगून टाकलं. सुटी रद्द. मी भडकलो. "तुम्हाला काय करायचंय माझ्या पायाशी?" भाऊ चमचा उशीखाली ठेवून छताकडे बघत राहिले.

पट्टी सोडली, तर एका कडेला पू धरला होता. त्याचा नमुना तपासायला गेला, मला पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जखम धुतली, औषध बदललं. दोन दिवसांनी ताप उतरला. मॅडम म्हणाल्या, "हे घेऊन घरी गेला असतात, तर हाडात उतरलं असतं. मग पायाची खात्री मी दिली नसती."

मला भाऊंकडे बघवेना. तेच म्हणाले, "कॅन वाचला ना, बस."

पुढे दोघांनाही एकाच दिवशी सुटी मिळाली. सळ्या अजून काही महिने राहणार होत्या. त्यांच्या भोवतीची जागा रोज स्वच्छ कशी करायची, ते सिस्टरनी आईला शिकवलं. मग मॅडमनी भाऊंना विचारलं, "तुमचं घरी कोण करेल?"

"हायेत ना घरचे."

"कोण कोण?"

भाऊंनी चादरीची एक सुरकुती तळहाताने सारखी केली. "दोन म्हशी हायेत. त्याही सध्या शेजाऱ्याच्या गोठ्यात."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इतक्या दिवसांत भाऊंनी ज्या ज्या पाहुण्यांच्या हातांचा वास घेतला, ते सगळे दुसऱ्यांना भेटायला आलेले होते.

आई पिशवी भरत होती. मान वर न करताच म्हणाली, "मंग आमच्या घरी चाला, भाऊ. एकाचं करायचं, तिथं दोघांचं करीन."

"नाही ताई. लोक काय म्हनतीन."

"तुमचा पाय नासला तर लोक येनार हायेत का पट्टी बांधाले?"

भाऊंनी आपला चमचा आईच्या पिशवीत टाकला.

खाली काउंटरवर बाबूने भाऊंचा कागद पुढे केला. नातेवाइकाची सही हवी होती. आईने सही केली. बाबूने विचारलं, "पेशंटशी नातं?"

"बहीन लिहा," आई म्हणाली. ती त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी तरी लहान असेल.

चाकांच्या खुर्चीतले भाऊ पुढे वाकले. "मोठी बहीन लिहा, साहेब," ते हळूच म्हणाले. "लहानीचं मी आयकत नसतो."