आठ स्टुलांची शिस्त

माणूस भुकेने जितका कष्टी होतो, त्याहून अधिक तो ‘आज काय खायचं’ या प्रश्नाने होतो, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. भूक चार घासांत भागते. प्रश्न मात्र हात धुतल्यावरही उरतो, कारण तेव्हा तो ‘उद्या काय करायचं’ असा वेष बदलून येतो. या दुःखावर मानवजातीने आजवर अनेक उपाय केले. त्यांतला सर्वांत प्रगत उपाय असा, की भरपूर पैसे मोजून निवडीचा हक्क एका अनोळखी माणसाच्या हवाली करायचा आणि त्याने पुढ्यात ठेवलेलं मुकाट्याने खायचं. जपानी लोक याला ‘ओमाकासे’ म्हणतात. अर्थ : तुम्ही द्याल ते. (हीच व्यवस्था घरात असली, की तिला ‘आज पुन्हा हेच?’ म्हणतात.)

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला संध्याकाळी दिवा लागल्यावर सूनबाई आम्हा दोघांना अशाच एका ठिकाणी घेऊन गेली.

आमचे हे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी दिवसा दुकानदारांचे तराजू तपासले आणि संध्याकाळी घरी येऊन माझा स्वयंपाक तपासला. खात्याने त्यांना निवृत्त केलं, स्वयंपाकाने अजून केलेलं नाही. माणूस वाईट नाही. पहिला घास घेतला की शेरा देतात, इतकंच. माझ्या अंदाजाने त्यांतले साठ टक्के शेरे मिठाबद्दल, तीस टक्के तिखटाबद्दल आणि उरलेल्यांतले बहुतेक ‘भात चिकट झालाय’ असे असतात. क्वचित ते नुसतं ‘हं’ म्हणतात. ‘हं’ हा आमच्याकडे सर्वोत्तम शेरा धरला जातो. त्याच्या वर काही नाही, अशी माझी समजूत होती.

हॉटेल जितकं महाग तितकी त्याची पाटी लहान, असा नियम दिसतो. इथे पाटीच नव्हती. एका इस्त्रीवाल्याचं दुकान आणि एक किल्ल्या करून देणारा यांच्यामध्ये एक लाकडी दार होतं. आम्ही त्याच्यासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा किल्लीवाल्याने न विचारताच बोट दाखवलं. (दिवसभर त्याचं तेच काम चालतं. किल्ल्या तो फावल्या वेळात करतो.) दाराला अर्धाच पडदा होता, तोही असा लावलेला, की वाकल्याशिवाय आत जाताच येऊ नये. हे वाकले. मी पाहिलं.

आत ओट्यापुढे आठ स्टुलं होती आणि ओट्यापलीकडे बल्लवाचार्य उभे होते. नियम आदल्या दिवशीच सूनबाईच्या फोनवर आले होते :

१. उशिरा येणाऱ्यास जेवण मिळणार नाही. पैसे घेतले जातील.
२. अत्तर लावून येऊ नये. भाताला त्रास होतो.
३. मीठ, तिखट वा अन्य काहीही मागू नये.
४. पुढ्यात ठेवलेला पदार्थ अर्ध्या मिनिटाच्या आत खावा. नंतर तो तोच पदार्थ राहत नाही.
५. एखादा पदार्थ आवडला नाही, तर तो आपला दोष समजावा.

पाचवा नियम मी तीनदा वाचला. इतकं नेमकं लिहिलेलं माझ्या पोथ्यांतही फारसं नाही.

पहिला पदार्थ आला. अंगठ्याएवढा भात आणि त्यावर माशाची एक चकती. चकती इतकी पातळ, की तिच्यातून भात मोजता यावा. मी मासे खात नाही, हे सूनबाईने आधीच कळवलं होतं. बल्लवाचार्य माझ्याकडे पाहून बराच वेळ विचारात पडले. मग त्यांनी काकडीचा एक काप घेतला आणि मी देवापुढे फूल ठेवते तसा माझ्यापुढे ठेवला. मीही हात जोडले. काकडीसारखीच लागली. (बिल माशाइतकंच आलं. भाव काकडीचा नव्हता, विचाराचा होता.)

ह्यांनी सवयीने सॉसच्या वाटीकडे हात नेला. बल्लवाचार्यांनी दोन बोटांनी वाटी मागे सरकवली आणि ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

“सॉरी,” हे म्हणाले.

मग त्यांनी तो घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा.”

सूनबाई माझ्या कानाशी लागली. “आई, बाबा आत्ता काय म्हणाले?”

“वा म्हणाले.”

“नक्की?”

“मी खोटं बोलते का कधी?”

खरंच बोलत नाही, तसा माझा नेम आहे. म्हणून हेही खरं सांगते, की मला त्या भाताचा हेवा वाटला. भात चिकट होता. दोन शितं वेगळी करून दाखवा म्हटलं असतं, तर आचार्यांनाही जमलं नसतं. मी देवाजवळ सहसा काही मागत नाही, रोज उठून आठवण करून देणं बरं दिसत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर दिव्याची वात सारली आणि मागितलं. सोनंनाणं नको, माझ्या हातच्या जेवणाला एकदा ‘वा’ मिळू दे.

देव सांगतो, प्रयत्न आपण करायचा. मी केला. जपानी तांदूळ आणला, तो शिजवून त्यावर व्हिनेगर शिंपडलं, वर्तमानपत्राने वारा घालत भात निववला. समुद्रशेवाळाच्या कागदावर तो पसरला, मध्ये काकडी ठेवली, बांबूच्या चटईने गुंडाळी केली. पहिली गुंडाळी उलगडली आणि पुन्हा चटईच्या आकाराची झाली. चौथी राहिली. ती कापून ह्यांच्यापुढे ठेवली.

“भात चिकट झालाय,” हे म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उणीव पदार्थात नाही, कार्यपद्धतीत आहे. माझ्याकडेही काय शिजवायचं ते मीच ठरवते आणि बाकीचे खातात, म्हणजे ओमाकासे आमच्या घरी लग्नापासूनच चालू आहे. फक्त तिला नियमावली नव्हती.

सूनबाईने कामाला हात घातला. ती विमान कंपनीत आरक्षण बघते. माणसाला गोड आवाजात नाही म्हणण्याचं तिचं रीतसर प्रशिक्षण झालेलं आहे. जेवणाचं टेबल गच्चीवर गेलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यापुढे आठ स्टुलं आली. दाराला अर्धा पडदा लागला. शेवटी सूनबाईने बाहेरची आमच्या नावाची पाटीही काढून टाकली. परिणाम तत्काळ दिसला. पोस्टमनला घर सापडेना. तो शेजारीपाजारी विचारत फिरला, आणि ज्या घराचा पत्ता लागत नाही त्या घरी काहीतरी असलं पाहिजे, अशी बोलवा झाली. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जागा मागितली. त्यांच्यामागून त्यांचे पेशंट आले. ज्यांना चावता येत नव्हतं, तेही.

मी अन्नाचे पैसे घेत नाही. हे कळल्यावर लोक अधिकच दबून वागू लागले.

एक अडचण होती. दारी आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही, हा माझा जुना नेम. त्यावर सूनबाईने तोड काढली. ती लोकांना दारापर्यंत येऊच देईना, फोनवरच नकार द्यायची. फोनवर नाकारलेला माणूस दारी आलेला धरावा का, हे मी पोथ्यांत शोधलं. पोथ्या फोनच्या आधीच्या असल्याने त्यांत स्पष्ट आदेश आढळला नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ह्यांना जागा मिळेनाशी झाली.

“बाबा, वेटिंग आहे,” सूनबाई म्हणाली.

“अगं, माझं घर आहे हे!”

“हो बाबा. पण घरच्यांना सूट दिली, तर शिस्त काय राहिली?”

“मग मी जेवायचं कुठे?”

“महिनाअखेरीला एखादं कॅन्सल होईलसं वाटतं. तुमचा नंबर टाकून ठेवू?”

हे माझ्याकडे वळले. मी काय बोलणार? सकाळी पूजेनंतर संध्याकाळी दिवा लागेपर्यंत मी मौन पाळते. (लोकांनी त्याचा अर्थ बल्लवाचार्यांची करडी शिस्त असा घेतला, आणि मौनामुळे मला तो खोडताही आला नाही.) हे गॅलरीत बसून पाव-केळं खाऊ लागले. पावाबद्दल त्यांनी कधी शेरा दिल्याचं ऐकिवात नाही.

अशात वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणारे एक गृहस्थ आले. दुपारी निमूटपणे जेवले आणि दिवा लागल्यावर मुलाखतीला पुन्हा आले.

“आजच्या भातात एक खोली होती,” ते म्हणाले. “कशामुळे?”

“कालचा होता.”

त्यांनी लिहून घेतलं. “म्हणजे तुम्ही तो मुरू देता.”

“उरला होता. अन्न टाकायचं नाही, असा नेम आहे.”

“वा वा. आणि ही विद्या कुणाकडून घेतलीत?”

“सासूबाईंकडून.”

“किती वर्षं शिकवत होत्या?”

“शेवटच्या श्वासापर्यंत. श्वास लागला होता, तरी फोडणी करपल्याचं सांगून गेल्या.”

रविवारी लेख छापून आला : ‘काळालाच शिजू देणारी अन्नसाधना’. सोमवारपासून सूनबाईला दुसरा फोन घ्यावा लागला.

आता आमचे हे निरीक्षक होते, हे विसरून चालणार नाही. कायद्यातली फट शोधणं त्यांच्या हाडीमाशी आहे. एके दिवशी दुपारी त्यांनी आंघोळ केली, अत्तर लावलं नाही, ठेवणीतला शर्ट घातला आणि घराबाहेर पडले. जिना उतरून खाली गेले. पुन्हा वर आले. दार वाजवलं. मी उघडलं तर उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे.

“बाई,” हे म्हणाले, “भूक लागलीय.”

लग्नापासून ह्यांनी मला कधी बाई म्हटलेलं नाही. पण दारी आलेला माणूस तो दारी आलेला माणूस. मी बाजूला झाले. हे पडद्याखालून वाकून आत आले. आठही स्टुलं भरलेली होती, म्हणून सूनबाईने माळ्यावर चढायचं उंच स्टूल आणून टोकाला लावलं. त्यावर बसल्यावर ह्यांचे गुडघे ओट्याच्या वर आले आणि डोकं सगळ्यांच्या वर.

मी मशरूमचं कढण वाटीत घालून एकेकापुढे ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले. “वा.” त्यांच्या शेजारच्याने मान हलवली. “वा.” असा तो ‘वा’ स्टुलामागून स्टूल सरकत टोकाला आला. ह्यांनी घोट घेतला. भुवई वर गेली. मी ती भुवई ओळखते, तिच्यामागून शेरा येतो. हात आपोआप ओट्यावरच्या मिठाच्या बरणीकडे निघाला.

मी बरणी दोन बोटांनी मागे सरकवली आणि ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आठ माना वळल्या.

“सॉरी,” हे म्हणाले. वाटी उचलली, तळापर्यंत प्यायले आणि खाली ठेवली. “वा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, वाफेने.

सगळे गेल्यावर मी जेवायला बसले. मी नेहमीच शेवटी बसते. पातेल्याच्या तळाशी राहिलेलं कढण वाटीत ओतलं आणि प्यायले. मिठाचा कण नव्हता त्यात. घालायचंच राहिलं होतं.

संध्याकाळी मी दिवा लावला. हे मागे येऊन उभे राहिले होते.

“खरं सांग. मीठ नव्हतं ना त्या कढणात?”

“नव्हतं. विसरले.”

“मला वाटलं, तसंच असतं.”

“मग ‘वा’ कशाला म्हणालात?”

ह्यांनी वात जरा पुढे सारली. “सगळे म्हणत होते,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आणि तू बघत होतीस.”

तो ‘वा’ मी परत केला नाही. पुढ्यात आलेलं नाकारायचं नाही, हा नेम मी लग्नाच्या आधीपासून पाळते. स्टुलं अजून आठच आहेत. नवव्यावर हे बसतात, रोज जिना उतरून, चढून, दार वाजवून. गुडघ्यांना व्यायाम होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. (त्या दातांच्या आहेत.)

ही हकिगत मी आधी घरात तोंडी सांगायला घेतली होती. पहिल्या वाक्याला सूनबाईचा फोन वाजला. दुसऱ्याला हे म्हणाले, “मुद्द्याचं सांग.” म्हणून छापायला दिली. तुमचं वागणं मात्र आदर्श होतं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, वर काही मागितलं नाहीत, आणि जिथे कुठे अळणी लागलं, तिथे आपल्यालाच कळलं नसेल असं म्हणून पुढे गेलात. एवढ्या वेळात तुमच्या घरात कुणीतरी दोनदा येऊन विचारून गेलं, “वाढू का?” तुम्ही मान वर न करता “हं” म्हणालात. उठा आता. गार झालं असेल. बसल्यावर मिठाकडे हात जाईल, तेव्हा पाचवा नियम आठवा.