सलग आठ खुर्च्या

ओताकर ह्लावाचेकला दुपारच्या जेवणासाठी सलग आठ खुर्च्या हव्या होत्या, आणि त्या आधी राखून ठेवणे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते. संगणकप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या मेमरीत विखुरलेली लहान पाने, म्हणजे मेमरीचे तुकडे, सरकवून एका विशाल पानापुरती सलग जागा मोकळी करणारा पॅच, म्हणजे सुधारणेचा कोड, त्याने दोन वर्षे खपून लिहिला होता. अशा माणसाने प्रागमधल्या एका खानावळीला फोन करून जागा मागावी, ही त्याला विद्वत्तेची विटंबना वाटे.

तो पॅच कर्नलमध्ये घ्यायचा की नाही, हे आज जेवताना मारेत लेपिक ठरवणार होत्या. तार्तू शहरातल्या या बाईंना सगळे ईमेलवरूनच ओळखत. कर्नल लिहिणाऱ्यांच्या या पंथात चेहरा ही अवांतर माहिती समजली जाते. ज्या पानांना हलवता येत नाही ती सोडून द्यायची, हे लेपिकबाईंना मान्य होते. आक्षेप एकच: जी हलवली जातात, त्यांच्या त्रासाचे काय? ओताकरने एका शब्दात उत्तर पाठवले होते: "नगण्य."

ओताकर खानावळीत पोचला तेव्हा आठ खुर्च्यांच्या लांब टेबलाशी तिघेचौघे विखरून बसले होते.

"अहो, बुकिंग करायला काय झालं होतं?" वेटर बोहुमिलने विचारले.

"कशाला? माणसं सरकतात की!" ओताकर म्हणाला.

टेबलाच्या टोकाच्या बाईंना ओताकरने उठवून खिडकीपाशी बसवले. तिथे त्यांनी सूप मागवले. मग टेबलाशी बसलेले टोपीवाले आजोबा उन्हातली जागा मिळाल्याशिवाय उठेनात, म्हणून त्यांना खिडकीपाशी बसवून बाईंना पुन्हा उठवून संडासाच्या दाराशी नेले. सूप अर्थातच खिडकीपाशी आले.

"हे मी मागवलं नव्हतं," आजोबा चमचा चाटत म्हणाले, "पण झकास आहे."

"अरे देवा, ते त्या बाईंचं!" बोहुमिल कळवळला.

"तुला दिलेल्या पत्त्यावर तू पोचवलंस," ओताकर म्हणाला. "तुझी चूक नाही."

सहा सहकारी आले. आठवी खुर्ची रिकामी राहिली.

"लेपिकबाई कुठं राहिल्या?" कुणीतरी विचारले.

"इथं," संडासाच्या दाराशी आवाज आला. "मघापासून उपाशी बसलेय. नगण्य आहे म्हणा."

ओताकरचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, या ना! अख्खं टेबल मोकळं केलंय तुमच्यासाठी."

"छे! मला आता हलवता येत नाही, असं समजा. पॅच घेऊन तुम्हीच या."

सातही जण पॅचवर चर्चा करत संडासाच्या दारात उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत. ऊन टेबलाकडे सरकल्यावर आजोबा आपण होऊन उठले आणि आठ खुर्च्यांच्या त्या सलग टेबलाशी एकटेच पाय पसरून बसले.