सोपानतात्यांची शेकरं

पौडच्या बाजारपेठेत सोपानतात्यांचं फोटोचं दुकान होतं आणि त्या दुकानात माणसाचा एकही फोटो टांगलेला नव्हता. होती ती सगळी शेकरं. ताम्हिणीच्या अंगाला जंगलात असतात ना, मांजराएवढी, झुबकेदार शेपटीची, झाडावरची मोठी खार, तीच. एकूण सतरा. सतराही चौकटीत, काचेमागे, आणि सतराही दारातून येणाऱ्याकडे रोखून पाहणारी. लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या मुली आत पाऊल टाकताच आईचा पदर धरायच्या.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी पौडच्या शाळेत नवाच मास्तर होतो आणि तात्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहत होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी वर्गात आठवड्यातून एकदा तरी ठणकावून सांगत असे. तरी दुकानात गप्पा मारायला गेलो की शेकरांकडे पाठ करून बसायचो, आणि थोड्या वेळाने मला पाठीत कसंतरी व्हायला लागायचं.

तात्या पंचेचाळीशीचे, काटकुळे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, कानावर कायम एक टोकदार पेन्सिल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत आणि आतून म्हणत, "हालू नका. जीव ठरू द्या." हा जीव कधी ठरला ते फक्त तात्यांना कळे. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एक नवरदेव जीव ठरता ठरता घोरायलाच लागला. तात्यांनी तेवढ्यात फोटो काढला आणि मागाहून पेन्सिलीने त्याचे मिटलेले डोळे उघडून दिले. सासरची मंडळी एकदम खूश. नवरदेव मात्र फोटो उलटासुलटा करून म्हणाला, "ह्यो मी न्हाई."

तात्यांची खरी विद्या ती. फोटो तेव्हा काचेवर उलटा उमटायचा, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तात्या ती काच आरशाच्या उजेडावर धरून बसायचे. तिच्यावर पेन्सिलीचा ठिपका ठेवला की फोटोत तिथे उजेड पडे, दाढीच्या पत्तीने खरवडलं की अंधार. देवीचे व्रण बुजत, सुरकुत्या जात, बसकी नाकं वर येत. आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं वारल्यावर भिंतीवर दहा वर्षांनी लहान होऊन बसत, ती तात्यांच्या कृपेने.

पण शेकरांच्या काचांवर ते फक्त डोळ्यांचं काम करत. बाकी अंगाला हात लावत नसत. फाटका कान तसाच, झडलेली शेपूट तशीच. पाटलीणबाई एकदा फोटोला आल्या आणि बसल्या तशा उठल्या. "ती तिसरी खार मला मानसावानी बगतीया," म्हणाल्या. तेव्हापासून बायाबापड्या आल्या की तात्या भिंतीवर पंचे टाकायचे.

पाटलीणबाईंचं खरं होतं. मी एक दिवस धीर करून सतरा चौकटी ओळीने पाहिल्या. शेकरं वेगळी होती, डोळे एकच होते. डावा उजव्यापेक्षा किंचित बारीक, आणि नजर अशी, की काहीतरी विचारायचं आहे पण विचारू की नको ते ठरत नाही. दुपारच्या तीन वाजता, भर उन्हात, माझ्या अंगावर काटा आला.

"तात्या," मी विचारलं, "सगळ्यांचे डोळे सारखे कसे?"

तात्या बशीत चहा ओतत होते. बशी तशीच ठेवून त्यांनी दार लोटलं, बिस्किटाच्या डब्यातून एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. नऊवारीतली एक तरुण बाई. चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत, एक रेघ नाही. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. मी उठून उभाच राहिलो, खोटं कशाला सांगू.

"आमचं कुटुंब," तात्या म्हणाले. "यसू."

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती तापाने गेली होती, त्याला वीस वर्षं झाली होती. मागे राहिली ती तिच्या फोटोची एकच काच. "तिच्या तोंडावर देवीचे वन हुते," तात्या सांगू लागले. "म्हनलं, देवाघरी गेलीया, आता तरी नकोत. बुजवले. मग गाल जरा भरला. मग नाक. रोज थोडं थोडं. येक दिस म्हनलं, डावा डोळा बारीक दिसतोय, वाईच मोठा करू. पत्ती घसरली आन डोळाच निगाला. मग उजवा त्याच्यासंगं बरा दिसंना, म्हनून त्यो बी खरवडला."

हसावं की रडावं ते मला कळेना. तात्यांनाही ते वीस वर्षांत कळलं नसावं.

"आता तिची नजर हाय ती माज्या डोक्यात तेवडीच. ती बी पुसट व्हाय लागलीया. आन हिकडं डोळ्यांवर पडदा येतोय. समदं दिसायचं बंद हुयाच्या आत येकदा तरी ती नजर कुटंतरी बसवायची हाय, गुरुजी."

"मग बाईमाणसाच्या फोटोवर बसवा की. शेकरं कशाला?"

"मानसाच्या तोंडावर चुकलं तर त्यो मानूस जातो. म्या येक घालवलंय. शेकराचं काय जातंय?"

पुण्याला जाऊन मोतीबिंदू काढून घ्या, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. ते ऐकेनात. "डोळ्याला पत्ती लावनार की त्ये. पत्तीनं काय हुतंय ते मला इचारा."

पुढच्या रविवारी ते मला वाघजाईच्या देवराईत घेऊन गेले. ओझं उचलायला दुसरं कोणी आत यायला तयार नव्हतं म्हणून. त्या राईतली वाळली काटकीही कोणी उचलत नाही, आणि फोटो नेणं म्हणजेही नेणंच, असं तात्यांचं मत. म्हणून आधी कौल लावायचा. त्यांनी देवीच्या ओल्या दगडावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर परवानगी. डावी पडली. तात्या तासभर बसून राहिले आणि पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी उजवी पडली. देवी कंटाळली असावी, असं मी मनात म्हटलं आणि लगेच मनातच माफी मागितली.

आत भर दुपारी संध्याकाळ होती. पाखराचा आवाज नाही, पान हलत नाही. दोन तास आम्ही तसेच. मग समोरच्या खोडावरून एक शेकरू उलटं खाली उतरलं आणि हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ थबकलं. काळ्या कापडाखालून तात्या बोलले. गिऱ्हाइकाशी बोलायचे तो आवाज नव्हता तो. "आगं, हिकडं बग की. किती दिस झालं."

आणि शेकराने मान वळवून पाहिलं.

कळ दाबल्याचा आवाज झाला, शेकरू गेलं. परतीच्या वाटेवर मी तात्यांच्या पुढे पुढे चालत होतो, आणि ते ओझ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्या शेकराच्या फोटोची नमुन्याची एक प्रत त्यांनी दोरीवर वाळत घातली. पेन्सिल मागाहून लावायची होती. तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. नेऱ्याहून आली होती, हातात तांदळाचं गाठोडं. यसूची आई. लेक गेल्यापासून तिने या दुकानाची पायरी चढली नव्हती.

"तुमास्नी दिसंनासं झालंय म्हनं, जावईबापू," ती म्हणाली. "म्हनलं, बगून यावं."

तात्यांनी तिला पाणी दिलं. सकाळच्या बायाबापड्यांसाठी टाकलेले भिंतीवरचे पंचे त्यांनी एकेक करून काढले. यसूला ओळखणारं दुसरं कोणी या जगात उरलं नव्हतं, आणि तिनेच ओळखलं नाही तर वीस वर्षांचं काम मातीत जाणार होतं. मी कोपऱ्यात उभा होतो.

म्हातारीने सतराही चौकटी पाहिल्या. अगदी सावकाश, एकीपुढे दुसरी. मग म्हणाली, "लई उंदरं जमवलीत की."

तात्या मटकन बाकावर बसले. मला त्या क्षणी त्या म्हातारीचा राग आला. ती वळली, आणि वळताना दोरीपाशी थांबली. ओल्या फोटोपुढे तिने तोंड नेलं.

"ही हितं कशी?" ती हळूच म्हणाली. "यसे?"

"मामी," तात्या म्हणाले, "त्याला अजून म्या पेन्शील बी लावली न्हाई."

"नसंना का. पर अशीच बगायची ती. परसातनं हाक मारली की अशी थबकायची. पळू का थांबू."

"माज्याकडं बी अशीच बगायची व्हय?"

"तुमच्याकडं कवा बगनार? तुमचं डोस्कं सदा त्या कापडात."

तिने हे टोचून म्हटलं नाही. पाऊस नाही म्हणावं तसं म्हटलं. तात्या उठले, तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. इतक्या दिवसांत त्यांचे उघडे डोळे मी पहिल्यांदा पाहिले, पांढुरके आणि ओले. हा माणूस मला फार आवडतो, हे मला तेव्हा कळलं.

"मामी," ते म्हणाले, "वन कुटं कुटं हुते तेवडं सांगा. म्या समदे बुजवले."

म्हातारीने हात पुढे केला आणि जावयाच्या गालावर बोट ठेवलं.

"हितं येक," ती म्हणाली. "हितं जवळ जवळ दोन. आन ह्यो भुवईखाली."

तात्यांनी डोळे मिटून घेतले होते.